'गार्बो हसते!' : जाहिरात जिंकली, सिनेमा मागे पडला?

तिसरी घंटा

जुन्या हॉलिवूडच्या शौकिनांना गाजलेली जाहिरात विचारा, दहातले आठ जण 'गार्बो हसते!' म्हणतील. मेट्रो-गोल्डविन-मेयर ऊर्फ एमजीएमनं १९३९ साली 'निनोच्का'साठी केलेली. दोन शब्द, बस. माझं म्हणणं असं की या दोन शब्दांनी एका उत्तम विनोदी सिनेमाचं नुकसान केलं आणि ग्रेटा गार्बोचं त्याहून जास्त.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: क्रांतीत जप्त केलेले एका ग्रँड डचेसचे दागिने विकायला तीन रशियन अधिकारी पॅरिसला येतात आणि तिथल्या आलिशान हॉटेलात पार विरघळतात. त्यांना वठणीवर आणायला मॉस्कोहून एक करारी बाई येते. ती निनोच्का, म्हणजे गार्बो. तिची गाठ पडते लिओन या गोडबोल्या, ऐतखाऊ काउंटशी. दिग्दर्शक अर्न्स्ट लुबित्श, पटकथेत चार्ल्स ब्रॅकेट, बिली वाइल्डर आणि वॉल्टर राइश.

आता जाहिरातीकडे. १९३० साली 'अ‍ॅना ख्रिस्ती' आला तेव्हा एमजीएमनं 'गार्बो बोलते!' म्हणून डांगोरा पिटला होता. ते खरं तरी होतं. मूकपटांतली ही स्वीडिश नटी पहिल्यांदाच आवाज ऐकवणार होती. नऊ वर्षांनी तोच साचा काढून त्यात 'हसते' ओतलं, आणि ही मात्र शुद्ध थाप. 'क्वीन क्रिस्तीना' (१९३३) बघा, बर्फात रुतलेली गाडी पाहून बाई खळखळून हसते.

थाप तरी चालली असती. पण त्यामुळे प्रेक्षक एकाच शॉटची वाट बघत बसला. तो प्रसंग आहेच बहारीचा. कामगारांची साधी खाणावळ. निनोच्का कच्चं बीट आणि गाजर मागते, मालक म्हणतो, बाई, हे हॉटेल आहे, कुरण नव्हे. लिओन तिला हसवायला एकावर एक विनोद सांगतो आणि ती निर्विकारपणे सूप पीत राहते. शेवटी तो वैतागून मागे रेलतो आणि खुर्ची-टेबलासकट कोसळतो. अख्खी खाणावळ हसते, आणि तीही. त्याला राग येतो तो तिच्या हसण्याचा! हे सगळं जाहिरातीनं आधीच फोडून ठेवलेलं.

उलट त्याच सिनेमात तीन अधिकाऱ्यांच्या खोलीबाहेरचा प्रसंग आहे. कॅमेरा दाराबाहेरच थांबतो. वेटर खाण्याच्या गाड्या आत नेतात, आतून आरोळी. सिगारेट विकणारी मुलगी आत जाते, मोठी आरोळी. ती धावत बाहेर येते आणि आणखी दोघींना घेऊन परत जाते. आत काय चाललंय ते एकदाही दाखवलेलं नाही. लुबित्श म्हणजे हे. याची जाहिरात कोणी केली? लिओन झालेला मेल्विन डग्लस आणि डचेस झालेली आयना क्लेअर तर पोस्टरवर बारक्या अक्षरांत.

पिटातला प्रेक्षक

साफ असहमत. तुम्ही सिनेमा घरी बसून बघताय, त्यांना तो विकायचा होता.

मे १९३८ मध्ये थिएटरमालकांच्या एका संघटनेनं धंद्याच्या पेपरात जाहिरात देऊन 'या नटनट्या म्हणजे तिकीटबारीवरचं विष' असं जाहीर केलं होतं. त्यात गार्बो, जोन क्रॉफर्ड, कॅथरीन हेपबर्न, मे वेस्ट. त्याच्या आदल्या वर्षी गार्बोचा 'कॉन्क्वेस्ट' आपटला होता, एमजीएमच्या त्या दशकातल्या मोठ्या तोट्यांपैकी एक. तिची खरी कमाई युरोपात, आणि सप्टेंबर १९३९ मध्ये तिथे युद्ध पेटलं. 'निनोच्का' लागला त्यानंतर लगेच.

अशा वेळी पोस्टरवर काय लिहायचं? 'स्टालिनच्या खटल्यांवर खुसखुशीत विनोद'? 'कॅमेरा दाराबाहेर थांबतो, जरूर पाहा'? सिनेमा चालला, चार ऑस्कर नामांकनं मिळाली, त्यांत गार्बोचंही एक. नुकसान नेमकं कुठे झालं ते दाखवा.

मृण्मयी_नाशिक

मला दोघांचंही अर्धं पटतंय. ती थाप होती हे तेवढं पटत नाही.

एमजीएमनं सुरुवातीला गार्बोला इतर नव्या पोरींसारखंच विकायचा प्रयत्न केला. खेळाडूंच्या कपड्यांत कॉलेजच्या धावपटूंबरोबर फोटो, सिंहाशेजारी बसवून फोटो. त्या सिंहाच्या फोटोत तिचा चेहरा बघा, कधी एकदा उठते असं झालंय. पुढे तिनं हे सगळं बंद केलं. मुलाखती नाहीत, सह्या नाहीत, प्रीमियरला येणार नाही. प्रसिद्धी खात्यानं कपाळाला हात लावायचा, तर त्यांनी तो नकारच विकायला काढला! गूढ, एकाकी, दुःखी गार्बो. छायाचित्रकार क्लॅरेन्स सिन्क्लेअर बुलनं वर्षानुवर्षं काढलेले ते छायाप्रकाशातले चेहरे त्याच खात्याचे.

दहा वर्षं साठवलेली ही पुंजी त्यांनी १९३९ साली एका झटक्यात मोडली. 'हसते' हे त्या मुखवट्याबद्दल होतं, आणि मुखवटा खरंच पहिल्यांदा हसत होता. बरं, सिनेमाही तेच करतो की. अर्धा वेळ तिला दगडासारखं बसवतो आणि मग फोडतो. म्हणजे जाहिरात आणि पटकथा एकाच सुपीक डोक्यातून आल्यासारख्या आहेत. मग ती सिनेमाला मारक कशी?

गप्पीदास

अवांतर: 'निनोच्का'ची दुसरी ओळ कोणीच सांगितली नाही. 'उच्चारू नका, बघा!' नाव जिभेवर बसणार नाही या भीतीवर काढलेला उतारा. मला तीच जास्त आवडते.

अति-अवांतर: मुंबईत धोबी तलावचं मेट्रो थिएटर हे याच एमजीएमनं १९३८ साली बांधलेलं. आपल्याकडची मंडळी या प्रचारयंत्रापासून लांब होती असं समजू नका.

तिसरी घंटा

@मृण्मयी, पुंजी मोडली म्हणालात ना, मग पुढचा हिशेबही मांडा. पुंजी संपल्यावर स्टुडिओकडे विकायला काय उरलं? १९४१ चा 'टू-फेस्ड वुमन'. गार्बोला पोहायला लावलं, बर्फावर घसरायला लावलं, नाचायला लावलं. 'ती हसते, तर मग ती आपल्यासारखीच अमेरिकन बाई' असा सरळ हिशेब. सिनेमा आपटला आणि ३६ व्या वर्षी ती पडद्यावरून गेली ती कायमची. त्या दोन शब्दांची वसुली तिच्याकडून झाली.

@पिटातला प्रेक्षक, नुकसान विचारलंत, हे घ्या.

जर्सीतल्या काकू

अरे, जरा दमानं. 'टू-फेस्ड वुमन'चं खापर 'निनोच्का'च्या पोस्टरवर कसं फोडतोस?

त्यात बायको स्वतःचीच जुळी बहीण असल्याचं सोंग आणून नवऱ्याला भुलवते. कॅथलिकांच्या 'लीजन ऑफ डीसेन्सी'नं तो निषिद्ध ठरवला. मग एमजीएमनं घाईघाईनं एक प्रसंग घुसडला, ज्यात नवऱ्याला फोनवरून आधीच कळतं की ही आपलीच बायको. झालं! गंमतच गेली, कारण आता तो फसतच नाही. आणि हे सुधारलेलं प्रकरण सगळीकडे लागेपर्यंत पर्ल हार्बरचा हल्ला होऊन अमेरिका युद्धात उतरली होती. पोस्टरनं काय करावं यात?

दुसरं म्हणजे गार्बो बिचारी, भोळी, स्टुडिओनं नाचवलेली, हे चित्र मला मुळीच मान्य नाही. मूकपटांच्या काळातच तिनं पगारासाठी काम थांबवून एमजीएमचा सर्वेसर्वा लुई मेयरला जेरीस आणलं होतं. 'क्वीन क्रिस्तीना'त नायक म्हणून जॉन गिल्बर्टच हवा हा हट्ट तिचा. आणि 'टू-फेस्ड'नंतर सिनेमातून गेली तीही स्वतःच्या पायांनी. कोणी हाकललं नव्हतं.

मृण्मयी_नाशिक

काकूंना +१. हट्ट सगळ्यांना परवडत नसे हेही खरं. त्याच १९३९ साली आपल्याकडे शान्ता आपटे प्रभातच्या फाटकाशी करारावरून उपोषणाला बसल्या होत्या. स्टुडिओची पगारी नटी ही भानगड इथून तिथून सारखीच.

पिटातला प्रेक्षक

तिसरी घंटा, तुमच्याच तर्कानं जायचं तर हेपबर्नचं काय? तीही त्याच 'विषा'च्या यादीत. 'ब्रिंगिंग अप बेबी' (१९३८) तेव्हा चालला नव्हता. आरकेओ स्टुडिओचा करार स्वतः मोडून घेतला, रंगभूमीवर 'द फिलाडेल्फिया स्टोरी' केलं आणि ते गाजल्यावर सिनेमाचे हक्क हातात ठेवूनच एमजीएमच्या दारात गेली. हक्क धनाढ्य उद्योगपती हॉवर्ड ह्यूजनं घेऊन दिले होते, पण डोकं तिचं. दिग्दर्शक कुकर, जोडीला केरी ग्रँट आणि जेम्स स्टुअर्ट. तो सिनेमा १९४० चा. 'टू-फेस्ड वुमन' पुढच्याच वर्षीचा. स्टुडिओ तोच, दिग्दर्शकही तोच जॉर्ज कुकर! प्रचारखातंही तेच. एकीचं पुनरागमन, दुसरीचा शेवट. म्हणजे फरक पटकथेत होता.

तिसरी घंटा

तुम्ही माझंच म्हणणं सांगताय. हेपबर्ननं आधी नाटक निवडलं, ते प्रेक्षकांसमोर तावून सुलाखून घेतलं आणि मग ते विकलं. गार्बोच्या बाबतीत उलटं झालं. तिचं नवं रूप बाजारात आधी आलं, आणि त्यात बसेल असा सिनेमा नंतर शोधला. 'निनोच्का'च्या वेळी लुबित्श होता म्हणून निभावलं. दुसऱ्या वेळी लुबित्श नव्हता. कुकरसारखा दिग्दर्शक असूनही निभावलं नाही, यातच सगळं आलं.

गप्पीदास

सिनेमा पोस्टरखाली दबला म्हणता, तर एक नोंद. १९४८ च्या इटलीतल्या निवडणुकीत हाच 'निनोच्का' कम्युनिस्टांविरुद्धच्या प्रचारात गावोगाव दाखवला गेला. तिथे ती हसते का, कधी हसते, याच्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं. कामाला आला तो मॉस्कोतल्या एका खोलीत कोंबलेल्या बिऱ्हाडाचा विनोद.

जर्सीतल्या काकू

आणि तोही प्रचारच, गप्पीदास! फक्त गिऱ्हाईक वेगळं.

बाकी मेल्विन डग्लसबद्दल तिसरी घंटाशी शंभर टक्के सहमत. खुर्चीवरून पडतो तो, विनोद सांगून दमतो तो, आणि पोस्टर तिचं. म्हातारपणी दोन ऑस्कर मिळाले त्याला, 'हड' आणि 'बीइंग देअर'साठी. दोन्ही सहायक अभिनेत्याचे.

तिसरी घंटा

काकू, डग्लसवर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो. पोस्टरबद्दलचं मत मात्र तेच.