पोरगीला बैरूतच्या मानवी हक्क संस्थेत काम मिळतंय, पाठवू का?

उद्यमनगरचा बाप
नमस्कार मंडळी. उद्यमनगरात माझं टर्निंगचं वर्कशॉप आहे. थोरली पोरगी इथंच वकील झाली. तीन वर्षं कामगारांचे खटले चालवणाऱ्या एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काढली. त्यातच अरबी शिकली. पहाटे साडेपाचला वरच्या खोलीतनं तिचे घशातले उच्चार ऐकू यायचे, आम्हाला वाटायचं पोरीला सर्दी झालीय.

आता बैरूतमधल्या एका संस्थेनं तिला संशोधक म्हणून बोलावलंय. लेबनान, जॉर्डन आणि आखातात राबणाऱ्या परदेशी मजुरांच्या आणि घरकाम करणाऱ्या बायकांच्या तक्रारी नोंदवायच्या, असं काम आहे म्हणते.

तिच्या आईला घास गिळवेना झालाय. मलाही १६ फेब्रुवारी २०१५ ची सकाळ आठवते. पानसरे अण्णा आणि उमाताई फिरून घरी परतत होते आणि दारापाशी गोळ्या घातल्या. आपल्या कोल्हापुरात. चार दिवसांनी अण्णा गेले. मग परक्या मुलखात पोरीचं काय होईल? हे काम नेमकं कसं चालतं आणि धोका कुठं असतो, हे माहितगारांनी सांगावं. धीर द्यायला म्हणून काही लिहू नका, खरं ते लिहा.

गडहिंग्लजकर
काका, मी २०१३ ते २०१९ दोह्याला पाइप फिटर होतो. मुंबईत सही केली तेव्हा पगार १४०० रियाल, तिथं उतरल्यावर पुढ्यात दुसरा कागद आला, ९०० चा. पासपोर्ट पहिल्याच दिवशी मंदूबनं, म्हणजे कंपनीची सरकारी कागदपत्रं बघणाऱ्या माणसानं, काढून घेतला. पुढं एका वर्षी चार महिने पगारच नाही. कंपनी बदलायची तर कफीलची, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या मालकाची परवानगी, घरी यायचं तरी त्याचीच.

सनैय्यातल्या, म्हणजे दोह्याच्या औद्योगिक वस्तीतल्या, एका चहाच्या टपरीवर शुक्रवारी एक बाई यायच्या, जॉर्डनच्या. आम्हाला वाटलं पेपरवाल्या असतील. पण त्यांनी फोटो काढला नाही. पहिलं वाक्य हेच की, तुमचा पगार मी मिळवून देईन असं समजू नका, मी फक्त नीट लिहून घेणार. आम्हा सहाजणांना एकेकट्याला वेगळं बसवलं आणि तेच प्रश्न उलटसुलट विचारले. मी शाळेच्या दोनशे पानी वहीत रोजचे तास लिहून ठेवायचो. ओव्हरटाइम वेगळा, उन्हातली सुट्टी वेगळी. बाईंनी त्या वहीचं पान न् पान उलटलं, पगाराच्या स्लिपा शेजारी ठेवून. दोन तास. चहा निवून गेला. एका महिन्यात माझ्याच बेरजेत चूक होती, ती त्यांनी कंपनीच्या बाजूनं दुरुस्त केली. मला राग आला. तर म्हणाल्या, ही चूक त्यांनी शोधली तर तुमच्या बाकीच्या पानांवर कुणी विश्वास ठेवणार नाही.

नाव कुठंच लिहिलं नाही. मी ‘फ’ होतो.

माझे चारपैकी दोनच महिन्यांचे पैसे मिळाले. पण २०२० मध्ये कतारनं नोकरी बदलायला जुन्या मालकाच्या परवानगीची अट काढली, आणि मार्च २०२१ पासून किमान मूळ पगार १००० रियाल झाला. राहणं-खाणं मालकानं दिलं नाही तर वर ५०० आणि ३००. हे अशा बायांच्या वह्यांमुळं घडलं असं मी मानतो. सगळं सुधारलं असं मात्र समजू नका, अजून पोरं फोन करतात.

मिरजेची अरबी
काका, धोका देशागणिक बदलतो. अमिरातीत मानवी हक्कांसाठी बोलणारे अहमद मन्सूर तुमच्यासारखेच यंत्राशी खेळणारे, इंजिनिअर. शिवाय कवी. २०१६ मध्ये त्यांच्या मोबाइलवर मेसेज आला, कैद्यांच्या छळाची गुपितं देतो, लिंक दाबा. त्यांनी लिंक दाबली नाही, मेसेज टोरोंटोच्या सिटिझन लॅबला, डिजिटल हेरगिरी शोधणाऱ्या संस्थेला, पाठवला. त्यातनं मोबाइलमध्ये शिरून पाळत ठेवणारं पेगासस बाहेर पडलं आणि ॲपलला जगभरचे आयफोन दुरुस्त करावे लागले. त्याच माणसाला मार्च २०१७ मध्ये उचललं, पुढच्या वर्षी दहा वर्षांची सजा झाली. मी त्यांच्याबद्दल वाचते तेव्हा अजून हात थरथरतात. सीरियातल्या वकील रझान झैतूनेह सरकार आणि बंडखोर अशा दोन्ही बाजूंचे अत्याचार नोंदवत होत्या. डिसेंबर २०१३ मध्ये त्यांना दमास्कसजवळच्या दूमातनं तीन सहकाऱ्यांसह पळवलं.

कतारमध्ये केनियाचा एक सुरक्षारक्षक, माल्कम बिडाली, टोपणनावानं मजुरांचं जगणं लिहायचा. मे २०२१ मध्ये त्यालाही धरलं, जवळजवळ महिनाभर एकट्याला कोठडीत ठेवलं.

बैरूतमध्ये बसून असं काम त्या मानानं मोकळेपणी करता येतं. आणि गरजही तिथंच आहे, कारण लेबनानच्या १९४६ च्या कामगार कायद्यातनं घरकामगार मुळातच वगळलेत. २०२० मध्ये पैसा संपल्यावर मालकांनी इथिओपियाच्या बायका त्यांच्या वकिलातीसमोर फुटपाथवर आणून सोडल्या होत्या. मात्र बैरूतवर बॉम्बही पडतात, २०२४ मध्ये पडले. तेव्हा मुलीला संस्थेला हे विचारू दे: लढाई पेटली तर बाहेर कोण काढणार, विमा कुणाचा, आखातात पाठवणार की तिथल्या लोकांशी बैरूतमधनंच बोलायचं, मजुरांची नावं ठेवायची ती कुठं आणि कुणाच्या हाती. गोलगोल उत्तरं मिळाली तर पाठवू नका. मी माझ्या बहिणीलाही हेच सांगितलं असतं.

उद्यमनगरचा बाप
रात्री पोरगीनं सगळं वाचलं. प्रश्न तिनं संस्थेला पाठवलेत. पहिले सहा महिने परत आलेल्या मजुरांशी आणि फोनवर बोलायचं काम आहे, आखातात पाठवत नाहीत, एवढं कळलंय. लढाईचं उत्तर यायचंय. ते येईस्तोवर तिकीट काढणार नाही, असं ती आईसमोर बोलली. आई आज जेवली.

गडहिंग्लजकर भाऊ, पोरगी विचारते, ती वही अजून आहे का?

गडहिंग्लजकर
आहे. ट्रंकेत, अकाम्याच्या, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्याच्या, झेरॉक्सबरोबर. रविवारी तिला घेऊन या काका, पण सकाळीच या, दोन तास लागतात.