कडक धमनीत फुगा चालतो का?

ताई, बाबांच्या अँजिओग्राफीत हृदयाच्या धमनीत कॅल्शियम निघालं, आता अँजिओप्लास्टीचा, म्हणजे अडथळा उघडायचा, फुगा चालणारच नाही, असं धुळ्यात कुणी सांगितलं म्हणता. ते पूर्ण खरं नाही. साधा फुगा अशा जागी नीट उघडत नाही, आणि तसाच स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) बसवला तर तो अर्धवट उघडून पुढे गुठळीचा धोका वाढतो. म्हणून आधी कॅल्शियमला तडे देतात. बारीक पात्यांचा कटिंग बलून असतो, किंवा लिथोट्रिप्सीचा. हा दुसरा 4 ॲटमॉस्फिअर इतक्या कमी दाबावर फुगवतात; त्यातल्या लहरी मूतखड्यासारखं कॅल्शियम फोडतात. फुगा शिरायलाच वाट नसेल तर रोटाब्लेशन, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या बारीक ड्रिलने कॅल्शियम घासणं. जळगावला करा की नाशिकला, आयव्हस (धमनीच्या आतली सोनोग्राफी) किंवा ओसीटीने (प्रकाशाने घेतलेलं आतलं चित्र) आतून बघणार का, हे आधी नक्की विचारा. मधुमेह असून तिन्ही धमन्यांत अडथळे असतील तर बायपासच्या सर्जनचंही मत घ्याच.