नुसतं नाव चांगलं असून भागत नाही

एआय एजंट, म्हणजे आपल्यासाठी कामं करणारं मॉडेल, आपण लिहून दिलेली टूल्स (फंक्शन्स) वापरतो. टूलचं नाव नीट ठेवलं की एजंटला पुरतं, हे म्हणणं मला पटत नाही. मॉडेलला आपला कोड दिसत नाही. एमसीपीमध्ये (मॉडेलला टूल्स जोडायची एक प्रमाणित पद्धत) त्याच्या हाती येतं ते मुख्यतः नाव, वर्णन आणि इनपुटचा जेसन स्कीमा, म्हणजे कुठल्या फील्डमध्ये काय हवं याचा आराखडा. तिथे नुसतं 'तारीख' लिहिलं, तर ०५/०६/२०२५ म्हणजे ५ जून की ६ मे? 'वर्ष-महिना-दिवस, उदा. २०२५-०६-०५' असं लिहिलं की प्रश्न मिटला. टूल कधी वापरू नये तेही लिहा, डिलीट करणाऱ्या टूलला तर नक्कीच.

आणि एरर मेसेजकडे कुणी बघतच नाही! नुसतं 'इनव्हॅलिड इनपुट' परत आलं की एजंट बऱ्याचदा तोच कॉल पुन्हा पुन्हा करत बसतो. कुठलं फील्ड चुकलं आणि तिथे काय हवं होतं, हे त्या मेसेजमध्येच सांगा.