हरलेल्या तानसेनाचा आवाज

कुणीतरी लिहिलंय, की गुरूचं नाव घेताना कानाची पाळी धरतो तोच नम्र कलावंत. पाळी धरणं सोपं हो, दोन मैफिलींत सवय होते!

नम्रतेसाठी मला आमच्या इंदूरचे गायक उस्ताद अमीर खाँसाहेबांची गोष्ट जास्त पटते. १९५२ साली आलेल्या 'बैजू बावरा' चित्रपटातली देसी रागातली जुगलबंदी आठवा. बैजूसाठी गायले द. वि. पलुसकर, वय एकतीस. तानसेनासाठी खाँसाहेब, त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे. कथेत जिंकतो बैजू. म्हणजे हरणाऱ्याचा आवाज थोरल्याने दिला, आणि तोही हातचं न राखता. नुसत्या ताना ऐका, चित्र बघू नका. कोण हरलं ते सांगताच येत नाही. (रामबागेतल्या आमच्या घरी यावर अजून वाद होतो. आजोबा मरेपर्यंत तानसेनाच्या बाजूने होते.)

आणखी एक. खाँसाहेबांचे वडील शाहमीर खाँ सारंगिये. तरी मुलाच्या गाण्यावर किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खाँची, देवासच्या रजब अलींची, भेंडीबाजार घराण्याच्या अमान अलींची छाया आहे. एवढ्या ठिकाणांहून उचलायला आधी दुसऱ्याचं मन लावून ऐकावं लागतं.