उन्हात ठेवलेले सेल

हॉकी आता बघतो कोण, आणि जुन्यांची काटकसर म्हणजे निव्वळ चिकटपणा, ही दोन्ही मतं वाचली. मला एकही पटलं नाही. माझ्याकडे दोन्ही गोष्टी एकाच घरातून आल्या, देवगडजवळच्या आजोळहून.

१९७५ची हॉकी विश्वचषक फायनल, क्वालालंपूरला भारताची पाकिस्तानवर २-१ अशी मात, आजोबांनी रेडिओवर ऐकली होती. मॅच असली की आदल्या दिवशी रेडिओ बंद. सेल काढून खळ्यात उन्हात मांडायचे, मध्ये एकदा कूस बदलायची. उतरलेला सेल उन्हाने जरा तग धरतो. नवे सेल आणायला पैसे नव्हते असं नाही, पण आहे ते पुरतं संपल्याशिवाय नवं नाही.

आजीचंही तेच. रातांब्यांची सालं आमसुलांना, बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळायच्या. वर तरंगतं ते मुठेल, म्हणजे कोकमाचं तेल. थंडीत टाचांच्या भेगांना मी अजून तेच लावते, दुकानातलं मलम त्याच्यापुढे काही नाही. याला चिकटपणा म्हणायचं?

१९८०च्या मॉस्को सुवर्णानंतर ऑलिंपिकमध्ये ४१ वर्षं पदक नाही, तरी आजोबांनी मॅच सोडली नाही. टोकियोत कांस्यपदकाच्या सामन्यात १-३ अशा पिछाडीवरून जर्मनीला ५-४ हरवलं, शेवटच्या क्षणी गोलरक्षक श्रीजेशने पेनल्टी कॉर्नर अडवला, तेव्हा आजोबा नव्हते. मी रडले. मग त्यांचा रेडिओ फडताळातून काढून पुसला. आत सेल नव्हते. गंज लागू नये म्हणून त्यांनीच काढून ठेवले होते.