बालहेरांचे ॲनिमेशनपट : संघभावना शिकवतात की एकट्याची आरती ओवाळतात?

पटकथाप्रेमी :

लहान मुलांसाठी केलेल्या हेरगिरीच्या ॲनिमेशनपटांना दोन प्रशस्तिपत्रे हमखास मिळतात. एक म्हणजे ते मुलांना एकजुटीने काम करायला शिकवतात, आणि दुसरे म्हणजे त्यांचा आत्मविश्वास वाढवतात. माझ्या मते यातले पहिले बहुतेक वेळा खोटे असते आणि दुसरे अर्धवट.

या पटकथांचा साचा आता पाठ झाला आहे. कोणी खिजगणतीत न धरणारा एक बुजरा नायक असतो, मग तो मुलगा असो, प्राणी असो वा यंत्र. तो अपघाताने एखाद्या गुप्त संघटनेत शिरतो. त्याला तीन-चार साथीदार मिळतात : एक ताकदवान, एक हुशार आणि एक निव्वळ हसवण्यापुरता. मध्यंतरानंतर सगळ्यांचे बिनसते, कोणीतरी भावुक होऊन दोन शब्द बोलते आणि टोळी पुन्हा एकत्र येते. इथवर तक्रार नाही. मात्र शेवटच्या दहा मिनिटांत खलनायकाच्या अड्ड्याचे एक पोलादी दार असे काही बंद होते की आत फक्त नायक उरतो आणि बाकीचे बाहेर किरकोळ गुंडांशी झुंजत बसतात. माझा सगळा आक्षेप त्या दाराला आहे. दीड तास एकजुटीचे गोडवे गायचे आणि निर्णायक क्षणी पटकथेनेच संघाला बाहेर ठेवायचे, यातून पाहणाऱ्या मुलाच्या पदरात काय पडते, तर खरे काम एकट्यानेच करायचे असते आणि मित्र टाळ्या वाजवायला असतात.

आत्मविश्वासाचेही तसेच. अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 साली स्वतःच्या क्षमतेवरील विश्वास कशातून निर्माण होतो याची मांडणी केली आणि त्याचे चार स्रोत सांगितले : स्वतः काम तडीस नेल्याचा अनुभव, दुसऱ्याला ते करताना पाहणे, इतरांनी दिलेला शाब्दिक धीर आणि स्वतःची शारीरिक व भावनिक अवस्था. यांपैकी पहिला स्रोत त्याने सर्वांत प्रभावी मानला आणि नुसत्या शब्दांच्या धीराला त्याहून कमजोर ठरवले. आपल्या पटकथांमध्ये नायकाचा कायापालट मात्र बहुधा त्या कमजोर स्रोतातूनच होतो. कोणीतरी येऊन ‘तुझ्यात आधीपासूनच सगळे आहे’ असे सांगते आणि पुढच्याच दृश्यात साहेब छतावरून उड्या मारू लागतात.

उलटतपासणी :

दाराबद्दलचे आपले निरीक्षण मार्मिक आहे, परंतु त्याचे खापर हेरकथेवर फोडणे मला मान्य नाही. नायकाला शेवटी एकटे पाडण्याची खोड साहसकथेत सर्वत्र आढळते. उलट, सहकार्य शिकवण्यासाठी हेरकथेइतकी सोयीची चौकट दुसरी नसावी, कारण हेरांच्या जगात पूर्ण माहिती कोणा एकाकडे नसतेच. एकाकडे नकाशा, दुसऱ्याकडे कुलूप उघडण्याचे कसब, तिसऱ्याला शत्रूची भाषा येते. यातला एक जरी निघून गेला तरी कामगिरी फसते.

शिक्षणक्षेत्रात हेच तत्त्व मुद्दाम वापरले गेले आहे. एलियट ॲरन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1971 साली अमेरिकेतील ऑस्टिन येथील शाळांमध्ये एक पद्धत सुरू केली. धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा द्यायचा आणि संपूर्ण धडा समजण्यासाठी त्याला इतरांचे ऐकण्यावाचून गत्यंतर ठेवायचे नाही. वर्गातला वंशभेदातून आलेला तणाव कमी करणे हा तिचा उद्देश होता. हेरांच्या टोळीची रचना नेमकी अशीच असते.

एक उदाहरण देतो. ‘कार्स 2’ (2011) या चित्रपटात मेटर हा टोचन करणारा गंजका ट्रक चुकून हेर समजला जातो. शेवटी त्याच्यावर बाँब बसवलेला असतो आणि तो काढायला गेलेल्या ग्विडो या फोर्कलिफ्टचा एकही पाना त्या बोल्टला बसत नाही. तेव्हा मेटरच्या ध्यानात येते की हे व्हिटवर्थ मापाचे बोल्ट आहेत. जोसेफ व्हिटवर्थने 1841 साली सुचवलेल्या आट्यांच्या प्रमाणावर बेतलेले हे ब्रिटिश माप आजच्या मेट्रिक पान्यांशी जुळत नाही. मेटरने तसलेच बोल्ट आधी एका इंजिनाच्या छायाचित्रात पाहिलेले असतात, त्यावरून तो सूत्रधारापर्यंत पोहोचतो. त्याला कोणी भाषण देत नाही. जन्मभर भंगारात हात काळे केल्याने आलेले ज्ञान त्याला तारते. बँडुराचा पहिला स्रोत याहून वेगळा काय असतो?

तळटीप :

बोल्टचा प्रसंग मलाही आवडतो, परंतु तो उलटतपासणी यांच्या बाजूने पुरता उभा राहत नाही. तो उलगडा मेटर एकटाच करतो आणि बाकीचे चकित होऊन ऐकतात. ॲरन्सन यांच्या वर्गातली मुले एकमेकांचे तुकडे शिकून घेत, कारण परीक्षेत प्रत्येकाला संपूर्ण धडा यावा लागे. हेरपटातला कुलूपतज्ज्ञ कुलूप उघडतो, नकाशावाला रस्ता दाखवतो आणि कोणी कोणाकडून काहीच शिकत नाही. शेवटपर्यंत ज्याचे कसब त्याच्यापाशीच राहते. याला कामाची वाटणी म्हणता येईल, पण सहकार्यासाठी ती पुरेशी नाही.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कथेतला बोध लहान मुले कसा घेतात यावर मेरी-लुईस मेरेस आणि एमिली अकोस्टा यांचा 2008 सालचा एक प्रसिद्ध अभ्यास आहे. त्यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांना तीन पायांच्या कुत्र्याविषयीचा एक कार्टूनचा भाग दाखवला. आपल्यापेक्षा वेगळ्या असलेल्यांना सामावून घ्यावे, हा त्याचा बोध. मुलांना विचारल्यावर बहुतेकांनी कुत्र्यांविषयीच उत्तरे दिली : तीन पायांच्या कुत्र्यांशी नीट वागावे! शिवाय त्या भागात इतर पात्रे आधी त्या कुत्र्याला घाबरतात आणि शेवटी समजुतीने वागतात, तर काही मुलांनी बोधापेक्षा ती भीतीच जास्त लक्षात ठेवली.

हे हेरपटांना लावून पाहा. यातली संघभावना बहुतेक ठिकाणी शेवटच्या पाच मिनिटांत येते, त्याआधी तासभर एकमेकांना टोमणे मारणे, खिल्ली उडवणे आणि एखाद्याला बाहेर ठेवणे चालते, कारण विनोद त्यातूनच निघतात. सहा वर्षांच्या मुलाने त्या तासाभरातले काय उचलावे आणि पाच मिनिटांतले काय, हे आपण गृहीत धरू शकत नाही.

खिडकीबाहेर :

तळटीप यांनी दिलेला अभ्यास चांगला आहे, मात्र त्यात मूल फक्त प्रेक्षक आहे. हेरपट संपल्यावर मुले काय करतात ते कोणी विचारातच घेत नाही. खरी गंमत त्यानंतर सुरू होते. पांघरुणाचा अड्डा होतो, खुणेची भाषा ठरते, ‘या वेळी मी शत्रू होणार नाही’ यावर भांडण होते आणि तडजोडही होते. संघभावना शिकली जात असेल तर ती त्या तडजोडीत. चित्रपट केवळ भूमिका पुरवतो.

भूमिका घेतल्याने काय होते याचा पुरावाही आहे. ‘चाइल्ड डेव्हलपमेंट’ या नियतकालिकात 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार आणि सहा वर्षांच्या 180 मुलांना दहा मिनिटांचे एक कंटाळवाणे काम दिले होते आणि वाटेल तेव्हा उठून टॅबलेटवर गेम खेळण्याची मुभा होती. काहींनी स्वतःचा विचार ‘मी’ म्हणून करायचा होता, काहींनी स्वतःला नावाने संबोधायचे होते, तर काहींनी बॅटमॅनसारखे एखादे कष्टाळू पात्र व्हायचे होते. पात्र झालेली मुले कामाला सर्वांत जास्त वेळ चिकटून राहिली. तेव्हा ‘मी हेर आहे’ ही बतावणी पोकळ मानण्याचे कारण नाही.

आणि धागालेखक पटकथाप्रेमी यांना एक विचारतो : ‘स्पाइज इन डिस्गाइज’ (2019) या साच्यात कुठे बसतो? तिथला लान्स स्टर्लिंग हा नावाजलेला, ऐटबाज हेर सुरुवातीलाच एकट्याने काम करतो आणि वॉल्टर बेकेट या विक्षिप्त संशोधकाला नोकरीवरून काढून टाकतो. पुढे वॉल्टरचेच रसायन पोटात गेल्याने लान्सचे कबुतर होते. हात गेले, म्हणजे शस्त्रे गेली, रुबाब गेला. आता दुसऱ्यावर विसंबल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. म्हणजे आत्मविश्वासाचा धडा एका पात्रासाठी आणि संघभावनेचा दुसऱ्यासाठी आहे, आणि तसाच तो असायला हवा. ज्याच्याकडे आत्मविश्वासाचा अतिरेक आहे त्याला ‘स्वतःवर विश्वास ठेव’ असे सांगून काय उपयोग?

पटकथाप्रेमी :

‘स्पाइज इन डिस्गाइज’ साच्याबाहेरचा आहे हे मान्य. त्याचे कारण आपणच सांगितलेत : तिथे समर्थ पात्राला असमर्थ केले जाते. बहुतेक पटकथा उलट दिशेने जातात. त्या असमर्थाला समर्थ करतात आणि एकदा तो समर्थ झाला की त्याला संघाची गरजच उरत नाही.

बॅटमॅनच्या अभ्यासाबद्दल मात्र सावध राहावे लागेल. त्यात मूल एकटेच बसून काम करत होते. चिकाटी वाढली ती एकट्याची. माझ्या मूळ शंकेला त्याने बळच मिळते, कारण नायकाचा मुखवटा चढवल्यावर मूल नेटाने काम करते खरे, पण शेजारच्याबरोबर करते की नाही यावर तो अभ्यास काही सांगत नाही. खेळातल्या तडजोडीचा मुद्दा बिनतोड आहे, पण ती तडजोड चोर-पोलिसाच्या खेळातही होतेच. तिचे श्रेय हेरपटाला कसे द्यायचे?

‘पेंग्विन्स ऑफ मादागास्कर’ (2014) घ्या. प्रायव्हेट हा टोळीतला सर्वांत धाकटा आपल्यालाही मोलाचे मानले जावे म्हणून झुरत असतो. शेवटी खलनायकाच्या किरणयंत्राने विद्रूप झालेल्या इतर पेंग्विनांना पूर्ववत करण्यासाठी तो स्वतःला त्या यंत्राला जोडून घेतो आणि आपले गोंडस रूप गमावतो. त्यानंतर टोळीत त्याचा मान वाढतो. मला हे फार टोचते. टोळीतल्या जागेसाठी धाकट्याने आधी स्वतःचा बळी द्यायचा, आणि म्होरक्याने आपली रीत रतीभरही बदलायची नाही!

साधासरळ :

सर्वांनी मिळून एका विनोदी कार्टूनवर जरा जास्तच ओझे टाकले आहे, असे नम्रपणे नमूद करतो. मुले हसण्यासाठी पाहतात.

तळटीप :

मुले हसण्यासाठीच पाहतात, याबद्दल वाद नाही. परंतु जाहिरातीत मूल्यशिक्षणाचा दावा निर्माते स्वतःहून करतात, तेव्हा तो तपासणे हे आगाऊपणाचे ठरू नये.

उलटतपासणी :

प्रायव्हेटबद्दलचे मत मला कडक वाटते, तरी त्या वादात न शिरता एक जुने उदाहरण पुढे ठेवतो. ते पटकथाप्रेमी यांच्या दोन्ही आक्षेपांना, भाषणाला आणि दाराला, एकदम छेद देते. 1983 साली सुरू झालेल्या ‘इन्स्पेक्टर गॅजेट’ या मालिकेत अंगभर यंत्रे बसवलेला गॅजेट अखंड धांदरटपणा करतो आणि प्रत्यक्ष गुन्ह्याचा छडा लावतात त्याची पुतणी पेनी आणि तिचा कुत्रा ब्रेन. पुस्तकासारखा दिसणारा संगणक उघडून पेनी माहिती काढते, मनगटातल्या घड्याळावरून ब्रेनला कळवते आणि ब्रेन वेषांतर करून काकांना मरणाच्या दारातून ओढून काढतो. शाबासकी मात्र गॅजेटला! पेनीला कोणी धीर देत नाही आणि तिचे काही अडतही नाही, कारण आपल्याला काय येते हे तिला पक्के ठाऊक आहे. सगळी उपकरणे ज्याच्या अंगावर आहेत तोच सर्वांत निरुपयोगी, हा विनोद मुलांना कोणीही समजावून सांगावा लागत नाही.

पटकथाप्रेमी :

पेनीच्या आत्मविश्वासाबाबत मी आपल्याशी सहमत आहे, आणि तो भाषणाविना उभा केला आहे हेही खरे. तरीही संघ म्हणाल तर तो पेनी आणि ब्रेन यांचाच. गॅजेटला आपल्याला कोणी वाचवले याचा पत्ता नसतो. वेषांतर केलेल्या ब्रेनला तो शत्रूचा हस्तक समजून त्याच्याच मागे लागतो. मुलांच्या हाती सगळी मेहनत आणि मोठ्यांच्या हाती सगळे श्रेय, ही मांडणी विनोदासाठी बहारदार असली तरी संघभावनेचा नमुना म्हणून मी ती पुढे करणार नाही. गॅजेटने एकदा तरी मागे वळून ‘हे कोणी केले?’ असे विचारले असते, तर त्या भागाबद्दल माझे मत वेगळे झाले असते.

खिडकीबाहेर :

त्याने विचारले असते तर मालिका तिथेच संपली असती. आणि पाहणाऱ्या मुलाला उत्तर आधीच माहीत असते. पडद्यावरच्या कोणाही मोठ्या माणसाला ठाऊक नसलेली गोष्ट त्याला एकट्याला ठाऊक असते, म्हणजे पेनी-ब्रेनच्या टोळीत तो तिसरा असतो. ती भागीदारी आपण हिशेबात धरणार की नाही, यावरच आपले मतभेद उरले आहेत.