प्रति: आधी व्याकरण की आधी कान?

जवानांना इंग्रजी शिकवायचं तर आधी काळ पक्के करा, असं वर एका भाऊंनी लिहिलंय. मला नाही पटत. आपल्या चाळीसगाव-पारोळ्याकडची अहिराणी बोलणारी पोरं भरती होतात, त्यांचा आधी कान तयार व्हायला हवा. वायरलेसच्या खरखरीत फिफ्टीन आणि फिफ्टी सारखंच ऐकू येतं, म्हणून आकडे सुटे बोलतात: वन फाइव्ह, फाइव्ह झीरो. नऊला नाइनर. नकाशावरची जागा आकड्यांत सांगतात, त्याला ग्रिड रेफरन्स म्हणतात; सहा आकडी असला तर 100 मीटरचा चौकोन. त्यात पहिलाच आकडा एक अंकाने कमी-जास्त झाला तर सरळ 10 किलोमीटरचा घोळ! ऐकलेलं परत म्हणून दाखवायला लावा, तेही शेजारी रेडिओ चालू ठेवून. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत जाणाऱ्यांना मात्र गस्तीचा अहवाल लिहावा लागतो, तिथे भूतकाळ हवाच.